देणारीचं पथ्य

उलगम्माळच्या दाराशी येणारा माणूस आधी खाकरतो, मग हाक मारतो. खाकरण्यावरूनच तिला कळतं, याला काय हवंय. कोरडा खाकरला तर अडुळसा. ओला खाकरला तर सुंठ, मिरी, पिंपळी. आणि खाकरून नुसताच उभा राहिला तर समजावं की दुखणं बायकोचं आहे, बायकोनंच पिटाळलंय आणि गड्याला ते तोंडानं सांगायची लाज वाटतेय.

वेंबक्कुळमला दवाखाना नाही असं नाही. सरकारी आहे, चांगला दोन डॉक्टरांचा. एक इंग्रजी औषधांचा आणि एक सिद्ध, म्हणजे तमिळ पारंपरिक औषधांची. तरी सकाळची पहिली चप्पल उलगम्माळच्या ओट्याखालीच निघते. एक तर तिला हातगुण आहे असं तीन गावं मानतात. दुसरं म्हणजे, दवाखान्यात बसलं की आपलं दुखणं गावभर होतं. उलगम्माळकडे गेलं तरी होतंच, पण निदान रांगेत बसावं लागत नाही.

या बारीकसारीक औषधांचा तिला कधी त्रास वाटला नाही. तान्ह्याच्या पोटात कळ आली तर सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे. गुडघे धरले तर कानफुटीचा पाला तांदळाबरोबर वाटून त्याचे डोसे. जेवणावरून मन उडालं तर कांडवेलीची चटणी, आणि ती वाटणाऱ्याच्या हाताला खाज सुटू नये म्हणून आधी तेल. कुंपणावरून शेजारणीला चार मिरच्या द्याव्यात, तसं हे सगळं ती देत आली. आता त्रेसष्टाव्या वर्षी पाय कुरकुरतात, वाकलं की कंबर लवकर सरळ होत नाही, आणि कुणीतरी एकदा नुसतंच यावं, बसावं, ‘अक्का, तुम्ही कशा आहात?’ विचारून निघून जावं असं फार वाटतं. पण तसं कोण येतंय? आलंच तर जाता जाता म्हणतं, ‘बरं आठवलं, ह्या खांद्यात जरा भरून आलंय...’

खरी पाठ मोडली ती काविळीनं.

काविळीचं औषध भुईआवळ्याचं. ते काही गुपित नव्हे. गटारीच्या कडेला उगवणारं रोप, ते काविळीला देतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण या घराची रीत वेगळी. आदल्या संध्याकाळी रोपाला हळदीचा दोरा बांधायचा, तांब्याभर पाणी घालायचं आणि ‘उद्या येते गं’ असं सांगून यायचं. पहाटे मुक्यानं जायचं, मुळासकट उपटायचं, ताकात वाटून लिंबाएवढा गोळा उपाशी पोटी द्यायचा. असं तीन दिवस. वाटेत कुणी ‘कुठं निघालात?’ विचारलं तरी बोलायचं नाही. त्यामुळे पहाटे उलगम्माळ बोलली नाही की गावाला कळतं, कुणाचे तरी डोळे पिवळे झाले. मग सकाळच्या चहापर्यंत ते कुणाचे, याचाही छडा लागतो.

घेणाऱ्याला तीन दिवस मीठ बंद, चिंच बंद, तेल बंद. हे तर सगळीकडेच. या घरात मात्र देणारीलाही तेच पथ्य. घेणारा अळणी तर देणारीही अळणी. तो एकदा सुटतो. देणारी सुटत नाही, कारण चौथ्या दिवशी दुसरा कुणीतरी डोळे पिवळे करून ओट्यावर टेकलेला असतो.

आणि शेवटची अट अशी की उंबऱ्याशी येऊन मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

हे सगळं तिच्या हातात आलं लग्नानंतर दोन वर्षांनी. सासू माडत्ती हिनं तिला पहाटे तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं केलं, तिचा हात पाण्याखाली आपल्या हातात धरला आणि औषध ‘दिलं’. ते सुनेलाच देता येतं. मुलीला दिलं तर परक्या घरी जातं. उलगम्माळ तेव्हा बावीस वर्षांची. घरात नवी सून, आणि गावातले मिशीवाले गडी तिच्यापुढे हात पसरून उभे! तिला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला सांगा. सासूनं त्याच दुपारी वाटीभर चिंचेचं सार आणि सुक्या माशांचं ताट पुढे ओढलं आणि पोटभर जेवली, याचा अर्थ काय ते सुनेच्या फार उशिरा लक्षात आलं.

कावीळ येते उन्हाळ्यात, तळं आटून पाणी नासलं की. गावदेव सुडलैमाडनची जत्राही उन्हाळ्यातच. म्हणजे सगळं गाव बोकडाच्या रश्शात कोपरापर्यंत बुडालेलं आणि उलगम्माळ दाराआड ताकभात कालवत बसलेली. नवरा इसक्किमुत्तु माणूस चांगला होता, पण जेवताना मिटक्या मारायची सवय काही त्याला मोडता आली नाही. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. दुःख झालंच, पण त्यानंतर घर जरा शांत जेवतं, असं तिनं एकदा शेजारणीपाशी बोलून दाखवलं होतं आणि शेजारणीनं ते कुणाकुणाला सांगितलं याची यादी करायला दिवस लागेल.

तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं तेव्हाही असंच. पंगतीत बावीस पदार्थ आणि ही पानात साधा भात घेऊन. व्याह्यांकडच्या बायका कुजबुजल्या, ‘आहेर मनासारखा मिळाला नाही वाटतं, रुसलीय.’ भावजयीच्या मनात ते जे बसलं ते आजतागायत निघालेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात कहर झाला. वरच्या गल्लीत पाण्याची नळी फुटून गटारीचं पाणी आत शिरलं आणि दोन महिन्यांत अकरा जण पिवळे पडले. उलगम्माळला मधे सलग चार दिवससुद्धा मिठाचे मिळाले नाहीत. वर उन्हाचा तडाखा, तहान लागली की घटाघटा पाणी. एका सकाळी टाकीपाशी घागर भरता भरता ती काहीबाही बोलायला लागली, गेलेल्या नवऱ्याला ‘अहो, घागर उचला की’ म्हणाली आणि तिथंच कोसळली.

सुनेनं, तंगपुष्पमनं, मांडीवरचं विड्या वळायचं सूप फेकलं आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी सिद्धवाली डॉक्टर, कुयिली, कागद घेऊन खाटेपाशी बसली. पोर वयानं लहान, उलगम्माळला पाट्टी, म्हणजे आजी म्हणणारी, पण डोळ्यांत मिस्किलपणा.

‘पाट्टी, तुमच्या रक्तात मीठच उरलं नव्हतं.’

‘कुठून उरणार? खाते कुठं मी?’

‘का खात नाही?’

उलगम्माळनं रीत सांगितली. डॉक्टरीण ऐकत राहिली. हसली नाही, हे तिचं मोठेपण.

‘हे बघा, औषध देणं न देणं तुमचं तुम्ही ठरवा. मीही भुईआवळा देतेच. पण तुमचं अळणी आजपासून बंद. मागे एकदा चक्कर येऊन गेलीच होती ना? आता ही दुसरी. पुढच्या वेळी पडाल तर उठालच असं मी सांगू शकत नाही. आणि आणखी एक. डोळे पिवळे झालेला प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे रक्त द्यायला पाठवायचा. काही काविळी झोप काढली तरी उतरतात, आणि काही अशा असतात की तुमच्या-माझ्या पाल्याला दाद देत नाहीत. वेळेत मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं.’

बातमी तिच्याआधी गावात पोचली. मूक्काण्डीच्या चहाच्या टपरीवर तर त्या बातमीचं सोनं झालं. ‘म्हातारीतलं मीठ संपलं म्हणे,’ मूक्काण्डी उंचावरून चहा ओतत सांगायचा. ‘मला वाटलंच होतं. मीठ जाऊन जाऊन आत नुसतं तिखट राहिलं होतं. माझ्याशी बोलताना तर दिसायचंच.’

घरी आल्यावर उलगम्माळ दोन दिवस भिंतीला टेकून नुसती बसली. झोप येत होती, पण झोपेनं जाणारा तो शीण नव्हता. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर सुनेपाशी आली. तंगपुष्पम खाली मान घालून विड्या वळत होती. बोटं आपली आपण चालत होती, पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा.

‘पुष्पम, हात पुढे कर.’

‘कशाला, अत्तै? पानं कापायचीत अजून.’

‘उद्या पहाटे तळ्यावर जाऊ. औषध तुला देते.’

बोटं थांबली. सोळा वर्षांच्या संसारात हा विषय निघणार हे तिला ठाऊक होतं आणि उत्तरही सोळा वर्षं तयार होतं.

‘मला नको.’

‘घरातली विद्या आहे गं.’

‘घरात उखळही आहे. ते मी गळ्यात बांधून घेतलंय का?’

‘तू नाही घेतलीस तर माझ्याबरोबर जाईल.’

‘जाऊ दे. कावीळ त्यांना आणि तोंड बांधायचं माझं! अत्तै, मला स्वप्नातसुद्धा सुकी मासळी दिसते. आणि या हातांना तंबाखूचा वास, कोण घेईल यातून औषध?’ मग जरा आवाज उतरवून म्हणाली, ‘तुमचं काय झालं ते मी बघितलंय ना. टाकीपाशी तुम्ही मला ओळखलं नव्हतं. मामांना हाका मारत होतात.’

सून म्हणत होती ते सगळं उलगम्माळला स्वतःलाच केव्हातरी म्हणायचं होतं, ते सुनेच्या तोंडून ऐकावं लागलं एवढंच. आता सुटका एकच, कुणाचे डोळे पिवळे होऊ नयेत. ती सुडलैमाडनला म्हणाली, ‘यंदा पुरे कर रे बाबा.’

पंधरा दिवस त्यानं ऐकलं. सोळाव्या दिवशी उंबऱ्याशी मूक्काण्डी.

खाकरला आणि गप्प उभा राहिला. पहिल्यांदा तिला वाटलं बायकोचं काहीतरी असेल. मग त्यानं मान वर केली. डोळे हळद लावल्यासारखे.

‘अक्का,’ तो म्हणाला. टपरीवरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. ‘मी थट्टा केली ती मनावर घेऊ नका.’

‘कसली थट्टा? मला कुणी सांगितलीच नाही,’ उलगम्माळ म्हणाली. तिला ती सात जणांनी सांगितली होती. ‘दवाखान्यात जा. रक्त दे.’

‘दिलं. डॉक्टरीण म्हणते पडून राहा, दारूला शिवू नका, पंधरा दिवसांनी परत रक्त. नुसतं पडून राहून कावीळ जाते का, अक्का? मला तुमचा हात हवा.’

‘माझा हात आता माझाच धड नाही.’

तो उंबऱ्याला टेकून खाली बसला आणि एवढा दांडगा गडी, गावातल्या प्रत्येकाला नाव ठेवणारा, रडायला लागला. तंगपुष्पम आतून डोळे वटारून बघत होती. ‘नाही म्हणा, अत्तै,’ असं ते डोळे मोठ्यानं म्हणत होते. पण उंबऱ्याशी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. एकेचाळीस वर्षांत म्हटलं नव्हतं. संध्याकाळी उलगम्माळ हळदीचा दोरा घेऊन गटारीकडे गेली. वाकली ती वर यायला तिला कुंपणाचा खांब धरावा लागला.

पहिला दिवस गेला. ताकभात, अळणी. दुपारपासून डोकं जड आणि पायांत गोळे.

दुसऱ्या दिवशी तंगपुष्पमनं चुलीवर नेत्तिली तळली. बोटाएवढे सुके मासे, नुसतं तेल, लाल मिरची आणि त्यांचं अंगचं मीठ. वास ओट्यावर आला, तिथून गल्लीत गेला, समोरचं मांजर उठून बसलं. मग सून म्हणाली, ‘अत्तै, मी वळलेल्या विड्या दुकानात देऊन येते. ताट झाकून ठेवलंय माझं, मांजर बघा जरा.’ आणि गेली.

उलगम्माळनं मांजराकडे बघितलं. मांजरानं तिच्याकडे. मग ती आत गेली, दार लोटलं, ताटावरची झाकणी काढली. रात्रीचा पाण्यातला भात, दोन छोटे कांदे आणि कडेला माशांचा ढीग. नुसता एक चाखून बघू, असं तिच्या मनात आलं असेल असं वाटत असेल तर तसं काही नव्हतं. ती मांडी घालून बसली आणि जेवली. सरळ, पोटभर. मीठ जिभेच्या कडांना लागलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. तिखटामुळे असेल. शेवटी ताटाला लागलेलं मीठ बोटानं पुसून घेतलं, ताट घासून पालथं घातलं, आणि मग भानावर आली.

आपण काय केलं हे! मूक्काण्डीनं बिचाऱ्यानं काल नुसत्या पेजेवर दिवस काढला होता.

तंगपुष्पम आली. पालथ्या ताटाकडे बघितलं.

‘मांजरानं खाल्लं,’ उलगम्माळ म्हणाली.

‘आणि ताटही घासून ठेवलं? गुणी आहे मांजर,’ सून म्हणाली आणि स्वतःसाठी भात वाढून घ्यायला वळली.

तिसऱ्या दिवशी उलगम्माळनं औषध दिलं. गोळा पोटात गेला न गेला तोच मूक्काण्डीनं तो भडाभडा ओकून टाकला. एकेचाळीस वर्षांत कुणी ओकलं नव्हतं असं नाही, पण तिला एकही आठवेना. चौथ्या दिवशी त्याचे डोळे आणखी पिवळे, नखंसुद्धा पिवळी. तिला खात्री झाली. हे मिठानं केलं. माझ्या जिभेनं माणूस मारला.

बोलणार कुणापाशी? सांगितलं तर हातगुण गेला. न सांगितलं तर आतून कुरतडतंय. ती रोज सकाळी उठायची आणि काहीतरी निमित्त काढून मूक्काण्डीच्या घरी जायची. कधी विस्तव मागायला, कधी चाळण परत करायला, जी तिची स्वतःचीच होती. मूक्काण्डी ओसरीवर पडलेला असायचा. ही त्याच्यासमोर बसायची आणि त्याच्या डोळ्यांत टक लावून बघायची. उजव्या, मग डाव्या, मग परत उजव्या.

वेंबक्कुळमला याहून जास्त काय हवं? चार दिवसांत गल्लीत बोलणं सुरू झालं की विधवा बाई या वयात परपुरुषाच्या डोळ्यांत काय शोधते. एक जण तर म्हणाला, मीठ रक्तात चढलं की असं होतं. शेवटी मूक्काण्डीची बायको, पेच्ची, कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

‘अक्का, माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत तुमचं काही हरवलंय का?’

‘पिवळेपणा बघते गं.’

‘तो मीही बघते. पण मी एवढा वेळ कधी त्याच्या तोंडाकडे बघितलेलं नाही, लग्न झालं त्या दिवशीही नाही.’

‘बघण्यासारखं होतंच काय त्या दिवशी?’ उलगम्माळच्या तोंडून गेलं. पडल्या पडल्या मूक्काण्डीच हसला. हसला तशी पेच्चीही हसली, आणि उलगम्माळच्या लक्षात आलं की गेल्या दहा दिवसांत हा पहिल्यांदा हसला.

त्यानंतर पिवळेपणा उतरत गेला. आधी नखं, मग तळहात. पंधराव्या दिवशी त्यानं परत रक्त दिलं. कागद घेऊन तो दवाखान्यातून थेट टपरीवर गेला आणि दुपारपर्यंत तो कागद भज्यांच्या तेलानं पारदर्शक झाला, इतक्यांना त्यानं तो दाखवला. ‘डॉक्टरीण म्हणते, उतरली. मी म्हटलं, उतरणारच! हात कुणाचा होता?’

गावानं उलगम्माळचा जयजयकार केला. कुणी केळ्यांचा घड आणून ठेवला, कुणी विड्याची पानं. ती ओट्यावर बसून होती. सगळ्यांना वाटलं थकलीय. थकली होतीच. पण आनंद काही होईना. मीठ खाल्लं, पोटभर खाल्लं, आणि माणूस बरा झाला. मग आधीचं काय? ती जत्रा, ते लग्न, नवऱ्याच्या ताटातला तो माशाचा तुकडा, जो तो शेवटच्या आजारपणात म्हणायचा, ‘एवढा घे गं माझ्याबरोबर,’ आणि तिनं घेतला नव्हता, कारण वाण्याच्या पोराला कावीळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. रांगेत बसली, सगळ्यांच्या देखत.

‘डॉक्टरअम्मा, तुमच्या पोथ्यांत लिहिलंय का, देणारीनं मीठ सोडावं असं?’

कुयिलीनं हातातला कागद खाली ठेवला. ‘घेणाऱ्याच्या पथ्याबद्दल पुष्कळ आहे, पाट्टी. देणाऱ्यानं निर्मळ असावं, लोभ धरू नये, हे आहे. मिठाचं मी तरी कुठं वाचलं नाही.’

‘मग आमच्यात कुठून आलं?’

‘काय सांगणार? कुण्या आजीनं मनापासून घेतलं असेल, की दुसऱ्याला उपाशी ठेवायचं तर आपणही राहावं.’ मग तिच्या डोळ्यांत तो मिस्किलपणा आला. ‘नाहीतर कुण्या सासूला सुनेच्या वाटणीची मासळी वाचवायची असेल.’

उलगम्माळला माडत्तीचं ते दुपारचं ताट आठवलं. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीला लागतं तेवढं बळ तिच्यात नव्हतं. ती उठली आणि चालत घरी आली. वाटेत दोनदा बसली.

तंगपुष्पम ओट्यावर पानं कापत होती. उलगम्माळ तिच्याशेजारी टेकली आणि एका दमात सांगून टाकलं.

‘ती नेत्तिली मांजरानं नाही खाल्ली.’

‘ठाऊक आहे.’

‘कसं?’

‘अत्तै, मी स्वतःसाठी कधी एवढी तळते का? ते ताट तुमच्यासाठीच ठेवलं होतं. समोर वाढलं असतं तर तुम्ही ताट भिरकावलं असतं.’

‘आणि मूक्काण्डी मेला असता म्हणजे?’

कात्री थांबली. ‘तेच तर,’ तंगपुष्पम म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. ‘तुम्ही सकाळी जात होतात ना त्याच्याकडे, मी संध्याकाळी जात होते. पेच्चीअक्का मलाही बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या अख्ख्या घराला माझा नवरा आवडायला लागलाय की काय?’

दोघी हसल्या. फार नाही, दमलेली माणसं हसतात तेवढंच.

‘आता तरी घे,’ उलगम्माळ म्हणाली. ‘मीठ खा, मासळी खा, काय हवं ते खा. पथ्य घेणाऱ्याला. देणारीला काही नाही.’

तंगपुष्पमनं हातातलं पान कापून संपवलं. मग म्हणाली, ‘देणारीला काहीच नाही असं कसं चालेल, अत्तै? लोक म्हणतील चटणी वाटून देते. काहीतरी हवं, ज्यानं त्यांना वाटेल की हीसुद्धा माझ्याबरोबर सोसतेय.’

‘मग असं कर. औषधाचे तीन दिवस सासूला उलटून बोलायचं नाही.’

‘त्यापेक्षा मीठ सोडते,’ सून म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं: देताना दोघींपैकी कुणी मीठ सोडायचं नाही. कुणी विचारलंच तर ‘आमचं आमच्यापाशी’ म्हणायचं. आणि रक्ताचा कागद बघितल्याशिवाय रोपाला दोरा बांधायचा नाही. हे शेवटचं तंगपुष्पमनं घातलं आणि त्यावर ती हटून बसली. उलगम्माळनं ऐकलं. नवी देणारी जी अट घालील ती खरी.

पहाटे दोघी तळ्यावर गेल्या. पाणी घोट्याएवढंच उरलं होतं, त्यामुळे हात पाण्याखाली धरायला दोघींना बसावं लागलं. उलगम्माळला उठताना सुनेनं वर ओढलं. मंत्र असा काही नव्हताच; माडत्तीनं काय म्हटलं होतं ते उलगम्माळ केव्हाच विसरली होती. ती नुसतं म्हणाली, ‘घे बाई.’

आठवड्यानं पलीकडच्या गावाहून बैलगाडी आली. गाडीत पिवळा पडलेला म्हातारा, बरोबर त्याचा जावई. जावई उंबऱ्याशी आला आणि खाकरला.

‘रक्त तपासलं?’ तंगपुष्पमनं विचारलं.

‘तपासलं. हा कागद. पण आम्हाला मोठ्या अक्कांचा हात हवा. लांबून आलोय. उलगम्माळअक्का आहेत का घरात?’

आत उलगम्माळ आडवी झाली होती. हाक ऐकून सवयीनं तिचा एक पाय चटईबाहेर आलासुद्धा. तिनं तो क्षणभर तसाच धरला. बाहेर सून आतून काय उत्तर येतंय याची वाट बघत होती.

‘नाहीत,’ उलगम्माळ आतून ओरडली, पाय आत घेतला आणि कूस बदलली.